नडगीचें दुखणें

थंडीचे दिवस सुरू झाले म्हणजे शहरांतील मैदानांवर आणि रस्त्यांवर पहांटेपासूनच धांवणारांची वर्दळ दिसूं लागते. शाळांचे क्रीडामहोत्सव बहुधा डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास भरतात. मुंबईची मॅरेथॉन सन २००४ पासून होऊं लागली, आणि तिच्या तयारीसाठीं चाळिशी ओलांडलेले स्त्री-पुरुषहि पायांत बूट चढवून घराबाहेर पडूं लागले. पोलिस भरतीच्या आशेनें मुलगे १६०० मीटरांचा आणि मुली ८०० मीटरांचा सराव करीत असतात. या सर्वांचें वय निराळें, हेतु निराळा, प्रकृति निराळी, परंतु तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास त्यांच्यांतील अनेकांच्या तोंडीं एकच तक्रार ऐकूं येते : "नडगी दुखते."

या तक्रारीवर घरोघर दोन प्रकारचे निकाल दिले जातात. कोणी म्हणतो, "पायांना संवय नाहीं, दुखणारच. धांवत राहा, धांवून धांवूनच बरें होईल." दुसरा म्हणतो, "हें धांवण्याचें खूळच नको, सोडून द्या." दुसऱ्या निकालानें मनुष्य एका उत्तम व्यायामाला मुकतो. पहिल्या निकालाचा परिणाम याहून गंभीर होऊं शकतो. कारण शर्यतीची किंवा भरतीची तारीख जवळ आलेली असली म्हणजे तरुण मुलगा दांत-ओंठ खाऊन वेदना गिळतो, आणि ज्या दुखण्याला वेळींच थोडी विश्रांति पुरली असती त्याचें पर्यवसान हाड चिरण्यांत होण्याचा संभव उत्पन्न होतो. सबब हें दुखणें म्हणजे नेमकें काय, तें कां जडतें आणि त्यावर कोणता उपाय चालतो, याची माहिती ज्या घरांत एक तरी धांवणारा आहे त्या घरांतील वडील मंडळींना असणें अगत्याचें आहे.

गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पायांत दोन हाडें असतात. त्यांतील जाड हाड तें नडगीचें. वैद्यकांत त्याला टिबिया म्हणतात. श्रोत्यांनीं स्वतःच्या नडगीच्या आंतल्या बाजूवरून बोट फिरवून पाहिलें तर तेथें हाडावर मांस असें जवळ जवळ नाहींच, कातड्याखालीं लगेच हाड लागतें, हें त्यांच्या ध्यानांत येईल. याच हाडाची आंतली कड मागच्या बाजूला पोटरीच्या स्नायूंना जाऊन मिळते. धांवणारांचें हें विशिष्ट दुखणें या कडेवर, आणि बहुधा तिच्या खालच्या भागांत असतें. तें एका ठिपक्यावर नसून कडेच्या बाजूनें निदान पांच सेंटिमीटर, म्हणजे सुमारें तीन बोटें रुंदीच्या पट्ट्यावर पसरलेलें असतें, आणि तेथें दाबलें असतां मनुष्य कळवळतो. प्रारंभीं धांवण्यास सुरुवात करतांना दुखतें व अंग तापलें कीं थांबतें. त्यामुळेंच पुष्कळजण फसतात. पुढें धांवणें चालू असेपर्यंत दुखतें, त्यापुढें धांवून झाल्यावरहि ठणकत राहतें, आणि शेवटीं जिना उतरणें किंवा साधें चालणेंहि त्रासाचें होऊन बसतें.

इंग्रजींत या दुखण्याला 'शिन स्प्लिंट्स' असें नांव पडलें. पूर्वीं हें नांव फार सैलपणें वापरलें जाई; नडगीच्या आसपास कांहींहि दुखलें तरी तेंच नांव. सन १९६६ मध्यें अमेरिकन मेडिकल असोसिएशननें त्याची मर्यादा ठरवून दिली, आणि हाडाची चीर व रक्तपुरवठ्याच्या अडचणीमुळें होणारीं दुखणीं त्यांतून वगळलीं. सन १९८२ च्या सुमारास 'मीडिअल टिबिअल स्ट्रेस सिंड्रोम' हें अधिक काटेकोर नांव वैद्यकीय लिखाणांत रूढ होऊं लागलें. त्याचा अर्थ इतकाच, कीं नडगीच्या आंतल्या कडेवर वारंवार पडणाऱ्या ताणानें उद्भवलेली ही व्यथा आहे.

हा ताण किती असतो, हें साध्या हिशेबानें पाहतां येईल. धांवतांना प्रत्येक वेळीं पाऊल जमिनीवर पडतें तेव्हां शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीइतका जोर जमिनीकडून पायावर येतो. साठ किलो वजनाच्या मनुष्याच्या बाबतींत हा भार सुमारें दीडशें किलोंचा धरावा. एक किलोमीटर अंतरांत साधारण एक हजार पावलें पडतात. म्हणजे पांच किलोमीटर धांवलें असतां एकेका नडगीला असे अडीच हजार धक्के सोसावे लागतात. आणि प्रत्येक धक्क्यास तें हाड, डोळ्यांना न दिसेल इतकें कां होईना, वांकतें व पुन्हां सरळ होतें. त्याच वेळीं पोटरीचे खोल स्नायु आपल्या आवरणाच्या द्वारें हाडावरील पातळ पापुद्र्याला ओढ देत असतात. या दुखण्यांत हाडाच्या वांकण्याचा भाग किती व स्नायूंच्या ओढीचा भाग किती, याविषयीं तज्ज्ञांत मतभेद आहेत. परंतु मुळाशीं ताण आहे याबद्दल दुमत नाहीं.

येथें सहजच प्रश्न उद्भवतो, कीं ताणानें जर हाड दुखावतें, तर व्यायामानें तें बळकट होतें असें कां म्हणतात? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्यांच्यांतील दुवा काळाचा आहे. हाड म्हणजे घराचा निर्जीव खांब नव्हे; तें जिवंत आहे व त्याची डागडुजी अखंड चालू असते. सन १८९२ मध्यें जूलियस वोल्फ नांवाच्या जर्मन शस्त्रवैद्यानें असा सिद्धान्त मांडला कीं, हाडावर जसा भार पडतो तशी त्याची रचना बदलत जाते. ही रचना बदलण्याची रीत मोठी मार्मिक आहे. प्रथम कांहीं पेशी जीर्ण किंवा शिणलेला भाग कोरून काढतात. या कामास सुमारें तीन आठवडे लागतात. नंतर दुसऱ्या पेशी तेथें नवें हाड घालूं लागतात. त्या कामास मात्र सुमारें तीन महिने लागतात. जुनी भिंत पाडण्यास एक दिवस पुरतो, पण नवी बांधण्यास व ती वाळण्यास कित्येक दिवस जातात, तसाच हा प्रकार. म्हणूनच नवीन धांवूं लागलेल्याचें हाड तिसऱ्या-चौथ्या आठवड्यांत पूर्वींपेक्षां किंचित् कमकुवत झालेलें असतें, आणि नेमकें याच वेळीं त्याचा दम वाढलेला असल्यामुळें तो अंतर वाढवूं पाहतो. छाती व स्नायु लवकर तयार होतात, हाड मागाहून तयार होतें. या दोहोंच्या गतींतील अंतर हेंच बहुतेक नडग्यांच्या दुखण्याचें मूळ होय. स्वीडनमधील संशोधकांनीं सन २००१ मध्यें दाखवून दिलें कीं, दीर्घकाळ हें दुखणें भोगणाऱ्या खेळाडूंच्या नडगींतील दुखऱ्या भागाची घनता कमी झालेली असते. आणि दोन वर्षांनीं त्यांनींच असेंहि प्रसिद्ध केलें कीं, दुखणें बरें झाल्यावर ती घनता पुन्हां भरून आली. ही दुसरी गोष्ट रुग्णास मोठा धीर देणारी आहे.

हें दुखणें कोणास अधिक जडतें, याविषयीं आतां बरीच माहिती जमली आहे. नव्यानें धांवूं लागलेले, ज्यांना एकदां हें दुखणें होऊन गेलें आहे असे, वजनानें भारी असलेले, उभें राहतांच ज्यांच्या तळपायाची कमान बरीच खालीं बसते असे, आणि पुरुषांच्या मानानें स्त्रिया, यांना त्याचा उपद्रव जास्त होतो. लष्करांतील नवशिके शिपाई, लांब पल्ल्याचे धांवपटु आणि नर्तक हे त्याचे नेहमींचे बळी. झिजलेले बूट, एकाएकीं बदललेली जमीन, एका अंगास उतरता असलेला रस्ता यांनाहि दोष दिला जातो, व तो अगदींच निराधार नसावा. पण पादत्राणांवर सर्व भार टाकणें योग्य होणार नाहीं. सन १९१९ मध्यें पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत शेतकरी कुटुंबांतील मुलें अनवाणी धांवलीं आणि तें पाहून सर दोराबजी टाटा चकित झाले. त्यांतूनच पुढील वर्षीं अँटवर्पच्या ऑलिम्पिक सामन्यांस हिंदी धांवपटु पाठविण्याचा उपक्रम झाला, व तेथें बेळगांवचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्यें एकोणिसावे आले. ज्यांचे पाय लहानपणापासून मातींत अनवाणी वाढले त्यांना तें साधलें. जन्मभर बूट घालणाऱ्या शहरी मनुष्यानें त्यांचें अनुकरण एका आठवड्यांत करूं गेल्यास त्याच्या पायांच्या हाडांना तो बदल झेपत नाहीं. प्रश्न बुटांचा असो कीं अंतराचा, एकाएकीं केलेला बदल हाच खरा अपराधी.

नडगीचें प्रत्येक दुखणें मात्र इतकें सौम्य नसतें, आणि येथेंच अधिक दक्षता हवी. सन १८५५ मध्यें ब्राइटहाउप्ट नांवाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरनें लांब कूच करणाऱ्या शिपायांचे पाय सुजून दुखतात अशी नोंद केली. हें काय असावें, हें तेव्हां उमगलें नाहीं. सन १८९५ मध्यें क्ष-किरणांचा शोध लागला, आणि दोनच वर्षांनीं त्या किरणांनीं दाखविलें कीं त्या शिपायांच्या पावलांचीं हाडें चिरलेलीं होतीं. पडणें नाहीं, आपटणें नाहीं. केवळ चालून चालून पडलेली ही चीर. हिलाच आज स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात, व ती नडगीच्या हाडांतहि पडते. तिची ओळख अशी : दुखणें पट्ट्यासारखें पसरलेलें नसून एका बोटानें दाखवितां येईल अशा एकाच जागीं असतें, धांवतांना तें कमी न होतां वाढत जातें, रात्रीं पडल्या पडल्याहि ठणका लागतो, आणि त्या पायावर एकदां उडी मारण्याचीहि छाती होत नाहीं. विशेषतः हाडाच्या पुढच्या धारेवर, मध्यभागीं अशी एकच जागा दुखत असेल तर एक दिवसहि दवडूं नये, कारण तेथील चीर भरून येण्यास अवघड असते. प्रारंभींच्या दोन-तीन आठवड्यांत साध्या क्ष-किरण चित्रांत ही चीर पुष्कळदां दिसत नाहीं. सबब "फोटो स्वच्छ आला" एवढ्यावर विसंबून धांवूं लागणें धोक्याचें. संशय असल्यास डॉक्टर एम्. आर्. आय्. चित्र काढावयास सांगतात.

दुसरें एक दुखणें असें, कीं ठराविक अंतर धांवल्यावर पोटरी किंवा नडगीचा बाहेरचा भाग आवळल्यासारखा घट्ट होतो, पावलास मुंग्या येतात, आणि थांबल्यावर थोड्याच वेळांत सर्व शांत होतें. यांत स्नायूंच्या बंदिस्त कप्प्यांतील दाब वाढलेला असतो, व त्याची तपासणी निराळी करावी लागते. तिसरें, एकच पोटरी सुजली, गरम लागूं लागली व चालतांना दुखूं लागली, तर शिरेंत रक्ताची गुठळी झाली असण्याचा संभव असतो. तेथें चोळणें वर्ज्य समजून तत्काळ डॉक्टरांकडे जावें.

आतां उपचारांकडे वळूं. या बाबतींत एक जुना प्रयोग ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. अमेरिकेंत ॲनापोलिस येथें आरमारी अधिकाऱ्यांचें विद्यालय आहे. तेथील पहिल्या वर्षाच्या पावणेतीन हजारांच्या आसपास विद्यार्थ्यांवर लक्ष ठेवून डॉक्टरांनीं केलेल्या अभ्यासाचा वृत्तान्त सन १९७४ मध्यें प्रसिद्ध झाला. ज्यांच्या नडग्या दुखूं लागल्या त्यांचे गट पाडले. एका गटास विश्रांति व बर्फ. दुसऱ्यास त्याखेरीज ॲस्पिरिन. तिसऱ्यास सूज ओसरविणारें दुसरें एक औषध. चौथ्यास टांचेच्या शिरेला ताण देण्याचे व्यायाम. आणि पांचव्याच्या पायास चक्क प्लास्टर. शेवटीं निष्पन्न काय झालें? कोणताहि गट दुसऱ्या गटापेक्षां उल्लेखनीय लवकर बरा झाला नाहीं. सर्वांत समान असा जो एक उपाय होता, तो विश्रांतीचा. पुढें सन २०१२ मध्यें हॉलंडांतील संशोधकांनीं ७४ खेळाडूंना तीन गटांत विभागलें. सर्वांना क्रमाक्रमानें धांवणें वाढविण्याचा कार्यक्रम दिला. त्यांतील एका गटास पोटरीचे व्यायामहि दिले, व दुसऱ्यास घट्ट मोजे दिले. तिन्ही गटांना सलग १८ मिनिटें धांवतां येऊं लागेपर्यंत सरासरीनें शंभर दिवसांहून अधिक काळ लागला, आणि त्यांच्यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. हाड भरण्यास लागणाऱ्या तीन महिन्यांशीं हा आंकडा किती जुळतो, हें श्रोत्यांच्या लक्षांत आलेंच असेल.

तात्पर्य, आठ दिवसांत नडगी बरी करून देतों असें सांगणाऱ्या लेपावर, तेलावर किंवा पट्ट्यावर फार भिस्त ठेवूं नये. विश्रांति म्हणजे मात्र अंथरुणावर पडून राहणें नव्हे. धांवणें व उड्या मारणें बंद ठेवून पोहावें, सायकल चालवावी, वेदना होत नसेल तितकें सपाट जमिनीवर चालावें; त्यामुळें दम टिकतो आणि मनहि खचत नाहीं. फडक्यांत गुंडाळलेला बर्फ दिवसांतून दोन-तीन वेळां पंधरा-वीस मिनिटें लावल्यास ठणका कमी होतो. वेदनाशामक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानें घेण्यास प्रत्यवाय नाहीं, परंतु ती घेऊन धांवावयास जाणें म्हणजे घरांत चोर शिरल्यावर भुंकणाऱ्या कुत्र्याचें तोंड बांधण्यासारखें आहे. दुखऱ्या हाडावर जोरानें रगडून मालिश करूं नये. पोटरीस हलक्या हातानें तेल लावण्याला हरकत नाहीं. बुटांत धक्का शोषून घेणारी गादी घातल्यानें लष्करी उमेदवारांना कांहीं फायदा झाल्याचें आढळलें आहे. कमान फार खालीं बसणाऱ्यांनीं मात्र ती जाणत्याकडून करवून घ्यावी.

पुन्हां धांवावयास केव्हां लागावें? साधें चालतांना व जिना चढतां-उतरतांना कांहीं दुखत नाहीं, हाडाची कड दाबून पाहिली असतां कळ येत नाहीं, आणि त्या पायावर दहा-बारा लहान उड्या निर्वेध मारतां येतात, असें झाल्यावर. प्रारंभ मातीच्या मैदानावर, एक दिवसाआड करावा. एक मिनिट सावकाश धांवावें, दोन मिनिटें चालावें, असा क्रम ठेवून हळूहळू धांवण्याचा भाग वाढवावा. अंतर व वेग हीं दोन्ही एकाच आठवड्यांत वाढवूं नयेत. लांब ढांगा टाकण्यापेक्षां जवळ जवळ पावलें टाकल्यानें प्रत्येक धक्का सौम्य होतो. दुसऱ्या दिवशीं सकाळीं नडगी दुखली तर एक पायरी खालीं उतरावें. त्यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. जोडीला टांचा उचलण्याचा व्यायाम, एकदां गुडघे सरळ ठेवून व एकदां किंचित् वांकवून, नियमानें केल्यास पोटरी सबळ होते, आणि सबळ पोटरी हाडाचा भार वांटून घेते.

दर आठवड्यास दहावा हिस्सा अंतर वाढवावें, असा एक नियम धांवणारांत प्रचलित आहे. सन २००८ मध्यें हॉलंडांतच ५३२ नवशिक्या धांवणारांवर त्याची परीक्षा झाली. कांहींना या नियमानें तेरा आठवडे, तर कांहींना नेहमींच्या पद्धतीनें आठ आठवडे तयार केलें; परंतु दोन्हीकडे सुमारें एक पंचमांश लोकांना दुखापती झाल्याच. म्हणून कोणताहि आंकडा मंत्रासारखा जपूं नये. आपल्या पायाची भाषा ओळखावयास शिकावें, हें अधिक सुरक्षित. आहाराची गोष्टहि दृष्टीआड करूं नये. दूध, दहीं, नाचणी, तीळ, कडधान्यें व पालेभाज्या यांनीं हाडास सामग्री मिळते, आणि कोवळ्या उन्हाशीं वैर करणाऱ्या शहरवासीयांनीं ड जीवनसत्त्वाची चौकशी डॉक्टरांकडे करावी. मुलींच्या बाबतींत एक सूचना विशेष महत्त्वाची : वजन घटविण्याच्या नादांत पोट मारून धांवल्यानें जर मासिक पाळी अनियमित झाली किंवा थांबली, तर हाडें दुबळीं होऊं लागल्याची ती सूचना समजावी. आईनें संकोच न बाळगतां ती चौकशी करावी व मुलीस डॉक्टरांकडे न्यावें.

शेवटचा शब्द वडील मंडळींना व शिक्षकांना उद्देशून आहे. दुखणाऱ्या पायाची तक्रार घेऊन मुलगा किंवा मुलगी येते तेव्हां शर्यत पंधरा दिवसांवर आलेली असते. सराव सोडला तर संधि हुकेल अशी भीति तिच्या डोळ्यांत दिसते, आणि "थोडें सोस" हे शब्द वडिलांच्या ओंठांवर सहज येतात. त्या क्षणीं आधीं नडगीची कड दाबून पाहावी, दुखतें तें पट्ट्यावर कीं एका ठिपक्यावर हें विचारावें, रात्रीं झोंप लागते कीं नाहीं हें विचारावें. शर्यती दरवर्षीं भरतात, भरतीहि पुन्हां निघते; चिरलेलें हाड मात्र आपल्या गतीनेंच भरून येतें, आणि कोणाच्याहि हुकमानें तें घाई करीत नाहीं.